दादाच्या सामानाच्या नोंदी : बर्मिंगहॅम ते सांगली, २०२४ (नियम आणि दर तेव्हाचे)

१४ एप्रिल २०२४, रविवार

दादा-वहिनींचं परत यायचं पक्कं झालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चौघंही सांगलीत. माणसं विमानाने येतील, घर जहाजाने येणार. सामानाचं काम माझ्या गळ्यात, कारण "तू टॅक्सवाला आहेस, तुला कळतं." मी सांगलीच्या विश्रामबागेत बसून जीएसटीचे रिटर्न भरतो. हळदीच्या अडत्याला उसाचा दर विचारावा तसलाच प्रकार आहे, पण घरातलं काम म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नाही. म्हणून ही वही. तारीख, कोण काय बोललं, कुठल्या कागदावर काय लिहिलंय, सगळं इथे.

पहिला दिवस नियम वाचण्यात गेला. बॅगेज रूल्स, २०१६. १ एप्रिल २०१६ पासून लागू आहेत, कस्टम्स ॲक्ट १९६२ च्या कलम ७९ खाली केलेले. मूळ नियम चार-पाच पानांत संपतात. त्यावरचे लेख मात्र पोत्याने, आणि त्यातले निम्मे शिळे. अजून लोक ३६.०५ टक्के लिहितात. तो दर शिक्षण उपकराच्या काळातला. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो उपकर गेला आणि समाजकल्याण अधिभार आला. आता ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे ३५ अधिक साडेतीन, एकूण ३८.५ टक्के. कुठल्याही लेखात आधी हा आकडा बघायचा. चुकीचा असेल तर पुढचं वाचायचं कारण नाही.

दादाचा समज असा की प्रत्येकी ५० हजारांची सूट, चौघांची मिळून दोन लाख. तसं नाही. ती सूट माणसाबरोबर विमानातून येणाऱ्या सामानाला आहे, मागून जहाजाने येणाऱ्या पेट्यांना नाही. शिवाय एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिसळता येत नाही. मागून येणाऱ्या सामानाला खरा आधार 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'च्या, म्हणजे मुक्काम हलवून परत येणाऱ्यांच्या सवलतीच्या, तक्त्याचा. परदेशात तीन ते सहा महिने राहिलेल्याला ६० हजारांपर्यंतचं घरगुती सामान माफ, सहा महिने ते वर्षभर राहिलेल्याला १ लाख, मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष राहिलेल्याला २ लाख आणि दोन वर्षं किंवा जास्त राहिलेल्याला ५ लाख. वरच्या दोन ओळींना अट अशी की मागच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी. आपल्याला पाच लाखांची ओळ हवी.

२० एप्रिल, शनिवार

पाच लाखांच्या ओळीला आणखी दोन अटी आहेत. परतीच्या तारखेच्या लगेच आधीची दोन वर्षं परदेशात गेलेली हवीत आणि त्या दोन वर्षांत भारतातल्या सगळ्या भेटी मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त नकोत.

इथे वहिनी बाद. गेल्या वर्षी बाळंतपणाला मिरजेला आल्या आणि धाकटा चांगला मोठा होईपर्यंत इथेच होत्या. सहा महिने कधीच ओलांडले. दादाही अण्णांच्या बायपासच्या वेळी इथूनच लॅपटॉपवर काम करत बराच काळ राहिला होता. त्याचा हिशेब सहा महिन्यांच्या आत बसतो, पण फार आत नाही. जादा झालेली मुदत माफ करायचा अधिकार वरच्या अधिकाऱ्याला आहे. पण तो अर्ज, ती कारणं, तो वेळ, कशाला? सामान दादाच्या नावावर येईल. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या माल-पावतीवर, त्याचंच नाव, पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट.

शिक्क्यांची भानगड. ब्रिटनमधून बाहेर पडताना तिथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. त्यामुळे कोण कधी आलं-गेलं याचा पुरावा म्हणजे आपल्या इमिग्रेशनचे शिक्के, आल्याचा आणि गेल्याचा. दादाचा पासपोर्ट मध्यंतरी बर्मिंगहॅमच्या आपल्या कॉन्सुलेटमधून नवीन झालाय, म्हणून काही शिक्के जुन्या, कोपरा कापलेल्या पासपोर्टात आहेत. तो कुठाय विचारलं. "जुन्या कागदांच्या खोक्यात, खोकं पॅक केलंय." म्हटलं, ते खोकं आजच्या आज फोड. ज्या पासपोर्टवर माल सोडवायचा तोच मालाबरोबर समुद्रात, ही कल्पना करूनच घाम फुटला.

शिक्के असलेल्या सगळ्या पानांचे फोटो मागवले आणि तारखांचा तक्ता केला. उद्या कुणी विचारलं तर पानं उलटत बसायला नको.

५ मे, रविवार

यादी. सगळा खेळ यादीचा आहे, हे आता स्पष्ट दिसतंय. अधिकाऱ्यापुढे घर येत नाही, यादी येते. पेट्या तो उघडेल त्या चार-दोन. बाकी यादीवरच.

नियमांच्या शेवटी तीन जोडपत्रं आहेत. कुठली वस्तू कुठल्या जोडपत्रात पडते यावर ती माफ की शुल्कपात्र ते ठरतं. ती वाचून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला आणि वहिनींना म्हटलं, "फोन घेऊन एकेक खोली फिरा, मी सांगत जातो."

हॉल. ५५ इंची टीव्ही. फ्लॅट पॅनेल टीव्ही पहिल्या जोडपत्रात बसतो, बंदुका, दारू, सिगारेट आणि सोन्याच्या पंगतीत. कितीही वर्षं राहा, कितीही जुना असो, माफी नाही. २०१३ च्या ऑगस्टपर्यंत लोक दुबई-सिंगापूरहून सामानात टीव्ही घालून आणायचे, ते तेव्हा बंद झालं आणि नव्या नियमांतही बंदच राहिलं. दादा म्हणाला, जुना आहे, किंमत काय धरणार? समजा अधिकाऱ्याने ४० हजार धरली, तर ३८.५ टक्क्यांनी १५,४०० रुपये शुल्क. वर जहाजाचं भाडं, विमा आणि फुटायची धास्ती. तेवढ्यात इथे गणपती पेठेत चांगला नवीन टीव्ही येईल, गॅरंटीसकट. टीव्ही विकायचा. दादा गप्प. म्हणजे पटलेलं नाही, पण ऐकेल.

स्वयंपाकघर. डिशवॉशर दुसऱ्या जोडपत्रात, म्हणजे माफीबाहेर. ३०० लिटरच्या वरचा फ्रीजही तिथेच, डीप फ्रीजरही तिथेच. त्यांचा फ्रीज उभा कपाटाएवढा. दोन्ही तिथेच राहू देत. वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह तिसऱ्या जोडपत्रात, आणि ते पाच लाखांच्या आत चालतं. मशीन वर्षभरापूर्वीचंच आहे, घ्या. विजेचा प्रश्न नाही, तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच. फक्त पिना चौकोनी, त्या बदलायच्या.

मुलांची खोली. थोरल्याचा ड्रोन. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, संशोधन आणि संरक्षण असले अपवाद सोडून. नऊ वर्षांच्या पोराचा ड्रोन त्या अपवादात बसत नाही. हे त्याला कोण सांगणार यावर दोघांची चर्चा चालू असताना मी फोन ठेवला.

गाडीचं मात्र दादाने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. कायद्यातल्या बॅगेजच्या व्याख्येतच मोटारगाडी नाही. तो विषय संपला.

७ मे, मंगळवार

आज मतदान. ऑफिस बंद, म्हणून दुपारी यादीला बसलो.

मूव्हरने, म्हणजे सामान हलवणाऱ्या कंपनीने, दादाला दोन फॉर्म दिलेत. एक पॅकिंग लिस्ट, एक विम्यासाठी. विम्याच्या फॉर्मवर लिहिलंय, वस्तू नवीन घ्यायला आज काय पडेल ती किंमत भरा. दादाने भरली. बेरीज ११ हजार पौंडांच्या वर. आणि पॅकिंग लिस्टवर त्याच सामानाचे ३,८०० पौंड. दोन्ही कागद एकाच पाकिटात मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जाणार होते! अधिकाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवले तर कुठला खरा मानेल? मी त्याच्या जागी असतो तर मोठा मानला असता.

माझं मत दादाला स्पष्ट सांगितलं. वस्तूची आजच्या स्थितीतली प्रामाणिक किंमत काढायची, आणि तीच दोन्हीकडे लिहायची. विमा कमी मिळेल, मिळू दे. तोडक्या किमती लिहूनही उपयोग नाही. मायक्रोवेव्हला दोन पौंड लिहिलं की अधिकाऱ्याचा सगळ्या यादीवरचाच विश्वास उडतो. पुन्हा बसून एकेक ओळ केली. बेरीज ४,१०० पौंड. कस्टम्सचा विनिमय दर वेगळा असतो, बँकेचा चालत नाही. तो सरकार पंधरवड्याला जाहीर करतं. १०७ धरला तर ४ लाख ३८ हजारांच्या आसपास. पाच लाखांच्या आत, आणि थोडी जागा शिल्लक.

यादीत 'मिसलेनियस', 'किचन आयटम्स' असलं काही लिहायचं नाही, अशी ताकीद दिली. 'स्टीलची भांडी, वापरलेली, २४' असं लिहा. खोक्यावरचा नंबर आणि यादीतला नंबर एकच. वहिनींनी भाच्यासाठी दोन कोरे टॅबलेट डब्यासकट घेतलेत. एक पाकिटातून काढून वापरात घ्या, दुसरा इथे घेऊ. एकसारख्या दोन कोऱ्या वस्तू दिसल्या की विक्रीला आणल्यासारखं वाटतं.

१२ मे, रविवार

तानपुरा. वहिनींचा मिरजेहून नेलेला. लग्नानंतर घेतला, विमानाने नेताना ज्या यातना झाल्या त्या त्यांनाच ठाऊक. आता तो परत आपल्या गावी यायचाय. गंमत म्हणजे मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला यंदाच भौगोलिक मानांकन मिळालं. वस्तू मिरजेची, परत येतीये मिरजेजवळ, आणि वाटेत कस्टम्सला तिची किंमत सांगायची. परदेशी वाद्यांच्या दुकानात त्याची किंमत बघून कुणी धरली तर दुप्पट-तिप्पट होईल. बिल हवं.

आईच्या कपाटात सापडलं. कारागिराच्या हातचं, मराठीत, तारीख, सही, 'लेडीज तानपुरा, तून लाकूड' असं लिहिलेलं. स्कॅन करून पाठवलं, मूळ प्रत फायलीत लावली.

पॅकिंगचं मिरजेत विचारून आलो. तारा सैल करा पण पूर्ण सोडू नका, घोडी आणि मणी काढून वेगळ्या पुडीत ठेवा, भोपळ्याला सगळ्या बाजूंनी मऊ कापड, आणि भोपळ्यावर भार येईल असं काही ठेवू नका. दांडी मोडली तर जोडता येते, भोपळा फुटला तर नवीनच चढवावा लागतो. वहिनींना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, मला शिकवू नका, मी तो विमानात मांडीवर आणलाय."

लाकडी पेटी करावी लागणार. मूव्हरला लिहून कळवलं की लाकूड उष्णता-प्रक्रिया केलेलंच हवं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि 'एचटी' अक्षरं हवीत. आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा, लाकडातून कीड येऊ नये म्हणून. शिक्का नसलेली पेटी बंदरावर अडली तर आतल्या वाद्याची कुणाला पडलेली नसते.

२५ मे, शनिवार

खोकी उचलली. ४७ आणि एक लाकडी पेटी. वॉशिंग मशीन आणि सायकल सुटी. मूव्हरच्या माणसांनी काही खोकी स्वतः बांधली, काही दादाने बांधलेली तशीच नेली. दादाने बांधलेल्यांवर 'पीबीओ' लिहिलं. म्हणजे मालकाने बांधलेलं, आत फुटलं तर विमा सहसा हात वर करतो. काचेचं सगळं त्यांच्याकडून बांधून घ्या म्हटलं होतं, ते झालं.

एक गोष्ट आज नीट कळली. करार 'डोअर टु पोर्ट' आहे. बर्मिंगहॅमच्या दारातून न्हावा शेव्याच्या बंदरापर्यंत. करारात खाली बारीक अक्षरात, मुक्कामी पडणारे आकार वेगळे. ते किती, हे कुणी लिहीत नाही. दादाला सांगून त्यांच्याकडून इथल्या एजंटचं नाव आणि घनमीटरमागे दराचा तक्ता मागवला. उत्तर येईना. मग दादाने तिथल्या मॅनेजरला सांगितलं, तक्ता आल्याशिवाय शेवटचा हप्ता भरणार नाही. संध्याकाळी आला.

८ जून, शनिवार

जहाज सुटलं. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे गेल्या डिसेंबरपासून बहुतेक मोठ्या कंपन्या सुएझ टाळतात, आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून येतात. दहा-पंधरा दिवस जास्त. घाई करणाऱ्यांना त्रास, आपल्याला उलट बरं. नियम असा की माल प्रवाशाच्या आधी येणार असेल तर दोन महिन्यांपेक्षा आधी नको, आणि नंतर पाठवायचा असेल तर प्रवासी पोचल्यापासून महिन्याच्या आत निघायला हवा. आजारपण, नैसर्गिक आपत्ती वगैरे असेल तर मुदत वाढवून मिळते. आपला माल मेमध्ये घर सोडून निघालेला, दादा जुलैत उतरणार, जहाजही त्याच सुमाराला. दोन्ही बाजूंनी मोकळे.

६ जुलै, शनिवार

पोचले सगळे. मुंबईहून थेट गाडीने सांगली. धाकटा रस्ताभर रडला, म्हणे कराडजवळच्या पुलाच्या कामातल्या गर्दीने.

वहिनींचे दागिने अंगावर आणि हातातल्या पिशवीत होते, पेट्यांत एक ग्रॅमही नाही. हे मी आधीच बजावलं होतं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने माफ, पण किंमत एक लाखाच्या आत. पुरुषाला २० ग्रॅम आणि ५० हजार. २०१६ मध्ये हे आकडे साधारण जुळत होते, ग्रॅमचा भाव तीन हजारांच्या आसपास होता. आता सात हजारांच्या आसपास. एक लाखात चौदा ग्रॅम बसतात, चाळीस कुठले! विट्याच्या गलाई, म्हणजे सोनं गाळायच्या, व्यवसायातल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो नुसताच हसला. वहिनींचं बहुतेक सोनं इथूनच नेलेलं, पावत्या होत्या. कुणी काही विचारलं नाही.

दादाच्या पासपोर्टवर आल्याचा शिक्का नीट उमटलाय का, ते आधी बघितलं. उमटलाय.

१६ जुलै, मंगळवार

जहाज लागलं. माल सीएफएसमध्ये जाणार, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात. आपला पूर्ण कंटेनर नाही, दहा जणांचा माल एकत्र. तो उतरवून वेगळा करतील, मग आपली पाळी. उद्या मोहरम आणि आषाढी, काम बंद.

कस्टम्समधून माल सोडवून देणारा कस्टम्स ब्रोकर ठरवला, वाशीचा. लोक अजून सीएचए, कस्टम हाउस एजंट, असंच म्हणतात. आधी परवान्याचा नंबर मागितला, मग भाव. बारा हजार अधिक जीएसटी. त्याने विचारलं, "पासपोर्ट ओरिजिनल आहे ना? जुना पण? मग निम्मं काम झालं." हा माणूस बरा वाटला.

मूळ बिल ऑफ लेडिंग दादाने बरोबर आणलंय. ते दिल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचा हुकूम, मिळत नाही.

२२ जुलै, सोमवार

डिलिव्हरी ऑर्डरसाठी माल जमवणाऱ्या कंपनीच्या इथल्या ऑफिसला फोन. बिल आलं. तक्त्यात नसलेली एक ओळ, 'मिसलेनियस', ८,५००. विचारलं, कशाचे? "साहेब, असतात ते." म्हटलं, असतात तर त्यावर जीएसटी लावून टॅक्स इन्व्हॉइसमध्ये दाखवा, मी भरतो. मग "बघून सांगतो." तासाभराने सुधारित बिल आलं, ती ओळ नाही. २७,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ३१,८६०. तक्ता हातात नसता तर यातलं काहीच तपासता आलं नसतं.

२३ जुलै, मंगळवार

अर्थसंकल्प. दुपारपासून फोन, "कस्टम कमी झाली म्हणे, तुमचं वाचलं!" कमी झाली ती सोन्या-चांदीवरची, १५ वरून ६ टक्के. सराफ कट्ट्यावर आज तेवढाच विषय असणार. आपल्या पेट्यांचा ३५ टक्के जागचा हललेला नाही.

२५ जुलै, गुरुवार

आज निघणार होतो, रद्द. पुण्यात पावसाने हाहाकार, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी. इथे कृष्णाही चढतीये. आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. सूर्यवंशी प्लॉटमधल्या ओळखीच्यांनी सामान वर चढवायला सुरुवात केलीये. आपलं घर उंचावर आहे, तरी २०१९ चा महापूर बघितल्यापासून कुणीच निर्धास्त नसतो.

तिकडे सीएफएसचे फुकट दिवस संपले. उद्यापासून जमिनीचं भाडं, आणि ते टप्प्याटप्प्याने वाढत जातं. पावसाचं कारण त्यांना चालत नाही. ब्रोकर म्हणतो, ३० दिवसांच्या पुढे माल पडला तर कायद्याप्रमाणे नोटीस देऊन विकूही शकतात. तितकी वेळ येणार नाही.

२९ जुलै, सोमवार

तपासणी. काल संध्याकाळीच पनवेलला मुक्काम केला.

शेड मोठं, पत्र्याचं, आत वाफ कोंडल्यासारखं. फोर्कलिफ्ट सतत मागे-पुढे. आपली खोकी दोन पॅलेटवर रचलेली. अधिकारी मराठी, वयाने माझ्याएवढेच असतील. यादी हातात घेऊन पहिल्या पानापासून वाचली. मग जुना-नवा पासपोर्ट, शिक्के. मी केलेला तारखांचा तक्ता पुढे केला. त्यांनी दोन तारखा पासपोर्टशी जुळवून बघितल्या, बाकीच्या नाही.

"४, ११, २९ उघडा. आणि ती लाकडी."

चार नंबरमध्ये यादीप्रमाणे भांडी. अकरात दादाचा डेस्कटॉप आणि ३४ इंची वाकडा मॉनिटर. इथे थांबले.

"हा टीव्ही आहे."

"मॉनिटर आहे सर," दादा म्हणाला.

"मागनं दाखवा."

मॉनिटर फिरवला. अधिकाऱ्यांनी वाकून मागची सगळी छिद्रं बघितली. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, यूएसबी. अँटेनाचं गोल छिद्र नाही, ट्यूनर नाही. मॉडेल नंबर फोनवर टाकून बघितला आणि यादीवर बरोबरची खूण केली. टीव्ही ठरला असता तर पहिलं जोडपत्र, पूर्ण ३८.५ टक्के.

लाकडी पेटीचे स्क्रू काढायला वेळ लागला. चादरी बाजूला केल्यावर भोपळा दिसला, आणि तिथे काम करणारे दोघं-तिघं हमालही वाकून बघायला लागले. मिरजेचं बिल दाखवलं. अधिकाऱ्यांनी ते पूर्ण वाचलं, "मिरजेचाच? मग नेला कशाला होता?" म्हणाले आणि बिलावरचीच किंमत लिहिली.

अडलं ते सायकलवर. दादाने १५० पौंड लिहिले होते. त्यांनी फोनवर नव्याची किंमत बघितली, वापराची घट धरली, तरी आकडा ७० हजारांवर नेला. वादाला जागा होती, पण सायकल खरंच चांगली आहे. कॉफी मशीन आणि कॅमेऱ्याची एक लेन्स, दोन्हींचं थोडं थोडं वाढलं. एकूण मूल्य ५,१८,४००. पाच लाखांच्या वर १८,४००. त्यावर ३५ टक्के ६,४४०, अधिभार ६४४. शुल्क ७,०८४ रुपये. सामानावर आयजीएसटी वेगळा लागत नाही, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

भरले, पावती घेतली, 'आउट ऑफ चार्ज'चा, म्हणजे माल बाहेर न्यायच्या परवानगीचा, शेरा मिळाला. दादा म्हणाला, "एवढंच?" मग सीएफएसच्या खिडकीवर गेलो आणि त्याला कळलं.

३१ जुलै, बुधवार

टेम्पो पहाटे आला. घाटातला पाऊस आणि वाटेतले वळण-रस्ते, त्यामुळे पूर्ण रात्र लागली. खोकी मोजून घेतली, सगळी आली. एकोणतिसाव्यातल्या दोन काचेच्या बरण्या फुटल्या. तपासणीनंतर खोकं परत बांधताना कागद नीट कोंबला नव्हता. तानपुऱ्याचा भोपळा शाबूत, एक खुंटी ढिली. वहिनींनी घोडी बसवून तारा चढवल्या, जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून नाद नीट करायला, मिरजेला न्यावा लागेल म्हणाल्या.

४ ऑगस्ट, रविवार

हिशेब, दादाच्या वहीत लिहून दिला तो. जहाजाचं भाडं त्याने तिथे भरलं, ते यात नाही. डिलिव्हरी ऑर्डर आणि बंदराचे आकार ३१,८६०. सीएफएस, जमिनीच्या भाड्यासकट, १४,७५०. ब्रोकर जीएसटी धरून १४,१६०. टेम्पो २४,०००. शुल्क ७,०८४. एकूण ९१,८५४.

महिनाभर सगळे कस्टम्सच्या नावाने घाबरत होते आणि त्यातला कस्टम्सचा वाटा सर्वात लहान निघाला. तोही आधीपासून छापलेला, टीव्ही-डिशवॉशर बर्मिंगहॅममध्ये सोडल्यावर जवळजवळ ठरलेला. बाकीचे आकार ज्याच्या-त्याच्या तक्त्यातले, आणि तो तक्ता मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. दादाला अजून वाटतं की सायकलचं जास्त धरलं. असेल. त्या फरकासाठी लेखी हरकत घेऊन माल आणखी आठवडाभर तिथे ठेवला असता तर जमिनीच्या भाड्यातच ती रक्कम गेली असती.

सीएफएसच्या बिलात भाड्याचे दिवस एक जास्त लावलेत असं माझं मत आहे, आउट ऑफ चार्जचा दिवसही त्यांनी पुढच्या टप्प्यात धरलाय. ई-मेल टाकलाय, बिल आणि शेऱ्याची प्रत जोडून.

१० ऑगस्ट, शनिवार

वायरमनने वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्हच्या पिना बदलल्या. मशीन चालतं. शुल्काची पावती, यादी, तपासणीचा शेरा आणि दोन्ही पासपोर्टच्या प्रती एका फायलीत घालून दादाकडे दिल्या, पुढची तीन वर्षं ही सवलत त्याला पुन्हा नाही. सीएफएसचं उत्तर अजून नाही, सोमवारी फोन करायचा.